पोविलासनं ओळख दिली नाही

चाळीस वर्षं गणित शिकवलंय मी. भुताखेतांच्या गप्पा मारणाऱ्या बायकांची तोंडावर टर उडवते. तरी हे ऐकून म्हातारीचं डोकं फिरलंय म्हणायचं असेल, तर खुशाल म्हणा.

एकोणपन्नास साली माझा भाऊ पोविलास सोव्हिएत फौजेशी लढायला जंगलात गेलेला. मी अकरा वर्षांची. एका बाजाराच्या दिवशी त्यांनी तीन प्रेतं लिथुआनियातल्या आमच्या गावच्या चौकात आणून टाकली आणि आईला नि मला पुढे उभं केलं.

"ओळखता?" टोपीवाल्या अधिकाऱ्यानं विचारलं.

ओळख दिली, की सगळं घर सैबेरियाला. मधला पोविलास होता. आई म्हणाली, "नाही." मीही म्हणाले, "नाही."

"चल गं," आई म्हणाली, "बटाटे घ्यायचेत."

त्यानंतर तो मला दिसायचा. बस थांब्यावर, शाळेच्या फाटकाशी, राय धान्याच्या शेतापलीकडे धुक्यात. तसाच, वीस वर्षांचा. शेजारी तो टोपीवाला, त्याच्या कानाशी लागलेला. पोविलास माझ्याकडे बघायचा आणि नकारार्थी मान हलवायचा. मला वाटायचं, रागावलाय. फार रडले मी त्यापायी.

गेल्या वर्षी वाळूच्या खाणीत हाडं सापडली. माझी लाळ घेऊन तपासली. जुळली. पुरताना घरच्या माणसानं नाव घ्यायचं ठरलं.

"आई, झेपत नसेल तर मी घेते," माझी मुलगी दाइना म्हणाली.

"गप गं. सत्तर वर्षं तोंड शिवून बसले. आता तरी बोलू दे."

भर दुपार होती. उन्हात पाइनच्या चिकाचा वास सुटलेला.

"हा माझा भाऊ, पोविलास!" मी मोठ्यानं म्हणाले. छाती हलकी झाली.

तेवढ्यात झाडांमध्ये तो दिसला. मी हात वर केला. "पोविलास! अरे, मी तेक्ले!"

टोपीवाला त्याच्याकडे वळला. या खेपेस शब्द ऐकू आले.

"हिला ओळखतोस?"

पोविलासचा चेहरा पांढराफटक पडला. तो कधी रागावलेला नव्हताच.

"नाही हो साहेब," तो घाईघाईनं म्हणाला. "कोण ही?"

टोपीवाल्यानं माझ्या वर केलेल्या हाताकडे पाहिलं.

मी हात खाली घेतला. झाडांत कुणी नव्हतं.

"आई," दाइना माझ्या कानाशी हळूच म्हणाली, "मघाशी ते टोपीवाले साहेब आपल्या घरातल्या सगळ्यांची नावं विचारत होते गं. मी सांगितली."