समज देऊन सोडले

दिवे गेलेत तर जाऊ द्या. कंदिलाची वात जरा वर करा आणि तुमचा चहा घ्या, निवून जाईल. माझ्या कपाची काळजी नको. मी सावकाश पितो.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगतो. वाहतूक पोलिसांच्या कचेरीत मी चौतीस वर्षं कारकुनी केली. जिवंत माणसांनीच इतका वेळ खाल्ला की मेलेल्यांकडे बघायला सवड झाली नाही. तेव्हा जे सांगतो आहे ते जसं झालं तसं सांगतो. टिपण लिहावं तसं.

गेल्या महिन्यातली गोष्ट. सकाळी अकराच्या सुमाराला धाकटी बहीण दारात उभी. ती इस्पितळात परिचारिका आहे. रात्रपाळी करून तशीच आलेली, अंगावर गणवेश, चेहरा उतरलेला.

"दादा, त्याला धरलं रे."

"कुणाला?"

"कुणाला म्हणून काय विचारतोस! तुझ्या लाडक्या भाच्याला. पुलावर एका चाकावर गाडी चालवत होता. मित्र मोबाईलवर टिपत होते म्हणे."

"दुसरं चाक कुठे होतं?"

"दादा, थट्टा नको. अग्निशमन दलात त्याची निवड झालीय, ड्रायव्हर म्हणून. आठवड्याभरात चारित्र्याची चौकशी येईल. आत्ता गुन्हा नोंदला तर संपलंच सगळं. तू एवढं कर. तुझा शब्द चालतो तिथे."

चालतो म्हणजे काय, मी म्हटलं, धावतो. सदरा बदलला, छत्री घेतली आणि निघालो. निवृत्त माणसाला जुन्या कचेरीत कामासाठी जायला मिळणं म्हणजे सासुरवाशिणीला माहेरचं बोलावणं.

आता त्या कचेरीची रीत सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. बेदरकार गाडी चालवणारे, रस्त्यात कसरती करणारे धरून आणले की नियम सरळ होता. पहिलीच वेळ असेल आणि कुणाला इजा झाली नसेल, तर अधिकाऱ्याने आपला विवेक वापरावा. कोर्टात पाठवावं, नाहीतर समज देऊन सोडावं. साहेबांच्या विवेकाला वेळ नसायचा, म्हणून तो माझ्या टेबलावर राहायला आला होता. टेबलावर लाकडाचे दोन ट्रे. डावीकडे 'कोर्ट', उजवीकडे 'समज'. मी कागद ज्या ट्रेमध्ये ठेवीन तिथे साहेब सही करीत. एकदा सोडून कधी विचारलं नाही, आणि त्या वेळीही पंखा का बंद आहे एवढंच विचारलं.

पण मी ठरवायचो कसं? सांगायला लाज वाटते. धरलेल्या प्रत्येकाकडून स्वतःच्या हाताने हमी लिहून घेतली जायची, "मी असा प्रकार पुन्हा करणार नाही." आणि मी बघायचो अक्षर. कारकुनाला दुसरं काय कळतं? अक्षर गिचमिड असेल, शेवटची ओळ घसरत असेल, तर डावा ट्रे. अक्षर नीट, टपोरं, समासही सोडलेला, तर उजवा. सुंदर अक्षराचा माणूस बेदरकार असूच शकत नाही, असं माझं पक्कं मत होतं. लोक कुंडल्या बघतात, मी वेलांट्या बघत होतो.

अकरा वर्षांपूर्वी असाच एक पोरगा आला होता. त्याला सगळे चक्री म्हणत. त्याच पुलावर, तसाच एका चाकावर. पण अक्षर! मोत्याचा सर. मी तो कागद दोनदा वाचला, नुसता डोळ्यांच्या सुखासाठी, आणि उजव्या ट्रेमध्ये ठेवला. आठव्या दिवशी पुलाच्या तोंडाशी रस्ता ओलांडायला उभ्या असलेल्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईला त्याने उडवलं. बाई जागच्या जागी गेली. संध्याकाळपर्यंत तोही गेला. गाडी मुद्देमाल म्हणून आमच्या आवारात आली. त्याच्या बापाने ती कधीच नेली नाही. मी दोन दिवस जेवलो नाही. तिसऱ्या दिवशी जेवलो. ट्रे मात्र तसेच राहिले, आणि माझी रीतही.

असो. कचेरीत पोचलो. आता तिथे मॅडम आहेत, वयाने माझ्या मुलीएवढ्या. मला बघून उठून उभ्या राहिल्या.

"या भाऊसाहेब. तुमची जुनी टिपणं वाचून मी काम शिकले."

आता बोला! माझी छाती छत्रीसारखी उघडली.

भाचा बाकावर बसला होता. चेहऱ्यावर पश्चात्ताप, पायात नवे बूट. मला बघून त्याने हळूच डोळा मिचकावला.

मॅडम म्हणाल्या, "पहिलीच वेळ आहे. कुणाला लागलं नाही. पण भर गर्दीत हा प्रकार. कोर्टात पाठवला तर माझी चूक नाही, सोडला तरी नाही. सोडायचं मन होत नाहीये माझं. तुम्ही सांगा."

मी म्हटलं, "मॅडम, चौतीस वर्षं माणसं पारखली. हमी बघा त्याची. काय अक्षर आहे! मी स्वतः घोटून घेतलंय लहानपणी."

मॅडमनी कागद बघितला. मग माझ्याकडे बघितलं. सही केली आणि शिक्का उठवला, 'समज देऊन सोडले'.

जिना उतरताना भाचा म्हणाला, "मामा, तुमची वट आहे हो अजून!"

"गप बस. पुन्हा धरला गेलास तर ओळख दाखवणार नाही."

"पुन्हा धरलोच जाणार नाही," तो म्हणाला, आणि हसला. पुन्हा करणार नाही, असं म्हणाला नाही. हे मला नंतर आठवलं.

सुटकेची चिठ्ठी घेऊन आम्ही मागच्या आवारात गेलो. टळटळीत दुपार. जप्तीच्या गाड्या ओळीने उभ्या, कुणाला आरसे नाहीत, कुणाला सीट नाही. तापलेल्या पत्र्याचा आणि सांडलेल्या तेलाचा वास. वारा पडलेला. बाहेरच्या रस्त्याचा गोंगाट भिंतीपलीकडेच अडला होता.

पहारा करणारा हवालदार माझ्या ओळखीचा. शेडच्या सावलीत बसून जेवत होता. डब्यातून चांगली वाफ येत होती.

"काय हवालदार, शेगडी घेतली की काय सरकारने?"

तो हसला नाही. त्याने घास खाली ठेवला.

"भाऊसाहेब… वर कुणाला सोडलं का आत्ता? समज देऊन?"

"माझ्या भाच्याला. का?"

त्याने भाच्याकडे बघितलं. तो लांब दुसऱ्या टोकाला शीळ घालत आपली गाडी शोधत होता. हवालदार आवाज उतरवून म्हणाला, "या माझ्याबरोबर. हात लावू नका फक्त."

शेडच्या अगदी आतल्या कोपऱ्यात चक्रीची गाडी होती. मी अकरा वर्षांत तिच्याकडे गेलो नव्हतो. टायर कुजलेले, साखळी गंजून एकजीव झालेली. टाकीचं झाकण नाही, आत कोळ्याचं जाळं. बॅटरीची जागा रिकामी. तिच्या सायलेन्सरवर फडकं पसरलेलं होतं, त्यावर गोल डाग.

"डबा इथे ठेवतो मी," हवालदार म्हणाला. "रोज नाही तापत. वर पुष्कळांना सोडतात, तेव्हा थंडगार असते. पण एखादा सुटतो… आणि ही तापते. माझ्या वेळात तीनदा तापली. चौथ्यांदा आज."

"ऊन लागत असेल."

"इथे ऊन येतं का? बघा की."

येत नव्हतं. कोपऱ्यात ओल होती.

"आणि मग?"

"मग आठव्या दिवशी त्याच माणसाची गाडी माझ्याकडे येते. चेपलेली. मी आवारात जागा करून ठेवतो, भाऊसाहेब… आधीच."

त्याने बोट दाखवलं. चक्रीच्या गाडीशेजारी तीन चेंदामेंदा झालेल्या गाड्या. त्यांच्यापुढे एका गाडीपुरती जागा, नुकतीच झाडलेली.

मी म्हटलं ना, माझा विश्वास नाही. पोलिसांना दुपारी जेवणावर असल्या गोष्टी सुचतातच. त्याला खोटं पाडावं म्हणून मी फडकं बाजूला केलं आणि उजवा तळहात सायलेन्सरवर टेकवला.

सांगतो ते नीट ऐका. चटका बसला, पण हात लगेच काढता येईना. लोखंडाच्या आत काहीतरी धडधडत होतं. आवाज नव्हता, नुसती धडधड, मनगटातून कोपरापर्यंत. जळक्या रबराचा वास आला. आणि दुसरा एक, इस्त्री केलेल्या नव्या कापडाचा…

हात सोडवला आणि मी पळालो. या वयात जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढलो. पोलीस कचेरीत मी पहिल्यांदाच बेदरकारपणे चाललो असेन.

"मॅडम, सही रद्द करा. त्याला कोर्टात पाठवा."

"भाऊसाहेब? आत्ताच तर तुम्ही…"

"चुकलो."

"कारण द्या काहीतरी. मी माझा निर्णय असा फिरवू शकत नाही."

काय कारण देणार? माझ्या तोंडून निघून गेलं, "अक्षर फार चांगलं आहे हो."

मॅडमनी हमीचा कागद पुन्हा पुढे ओढला. मग म्हणाल्या, "तुमच्या सगळ्या टिपणांत एकदाच खाडाखोड आहे. चक्रीच्या प्रकरणात. 'अक्षर उत्तम' हे शब्द खोडलेत." त्यांनी शिक्क्यावर आडवी रेघ मारली, बाजूला सही केली आणि कागद डाव्या हाताला ठेवला. "माझं मन होतच नव्हतं."

खाली आलो तेव्हा हवालदार डब्याकडे बघत बसला होता. "निवलं सगळं," तो म्हणाला. "एकदम."

बहिणीने काय केलं ते विचारू नका. "सख्ख्या बहिणीच्या पोराच्या मुळावर उठलास! मी रात्ररात्र परक्यांची उशापायथ्याची सेवा करते ती कुणासाठी?" असं माझ्या अंगणात उभी राहून म्हणाली. चार घरांना ऐकू गेलं, तुम्हीही ऐकलं असेल. भाचा नुसता मामा म्हणायचा थांबला. आठ दिवस गेले, दहा गेले. कुणाला काही झालं नाही. न घडलेल्या अपघाताचा पुरावा कुठून आणणार? पण मी निवांत झोपत होतो. पुढच्या सोमवारी जुना मुद्देमाल भंगारात निघाला. हवालदाराने फोन करून सांगितलं, "गेली एकदाची. आता डबा घरूनच गरम आणावा लागणार." आम्ही दोघंही हसलो. गाडीच नाही तर तापणार काय?

इथे गोष्ट संपली असती. पण बहीण माझीच आहे, हट्टाला कमी नाही. ती मॅडमच्या वरच्या साहेबांकडे गेली. त्यांनी प्रकरण मागवलं. पहिली वेळ, इजा नाही, होतकरू मुलगा. त्यांनीही आपला विवेक वापरला.

त्या दिवशी संध्याकाळी मी असाच इथे बसून वर्तमानपत्र वाचत होतो. एकाएकी उजव्या तळहाताला कागद ऊन लागला. मला वाटलं, कंदील जवळ आहे. पण कंदील लावलेलाच नव्हता. थोड्या वेळाने बहीण आली. उंबऱ्याच्या आत पाय न टाकता म्हणाली, "सुटला तो. साडेपाचला सही झाली. तुझ्यावाचून अडलं नाही."

त्याला आज सात दिवस झाले.

मी हातावर हात ठेवून बसलो असेन असं समजू नका. भाच्याची गाडी बहिणीने रागाने विकून टाकली, हे ऐकून मला हायसं वाटलं होतं. मग कळलं की नेमणुकीचं पत्र आलं. उद्या सकाळी पहिली पाळी. लाल गाडी, पोटात पाणी, डोक्यावर घंटा. सिग्नल तोडायची रीतसर मुभा असलेली गाडी. पुलावरूनच जाते ती.

आज दुपारी मी अग्निशमन दलाच्या कचेरीत गेलो होतो. तिथल्या कारकुनाला म्हटलं, त्याची नेमणूक दोन दिवस पुढे ढकला, हवं तर मी लिहून देतो. भला माणूस. त्याने फाईल काढली, भाच्याचा अर्ज वर धरला आणि चष्मा पुसून पुन्हा बघितला.

"ढकलायची कशाला, भाऊसाहेब? असा मुलगा मिळतो कुठे? नुसतं अक्षर बघा."

पहाटे मी पुलाच्या तोंडाशी जाऊन उभा राहणार आहे. गाडी आली की रस्त्याच्या मधोमध जाईन. मामा दिसला तर ब्रेक लावेल, एवढी खात्री आहे मला. माणसं पारखण्यात हयात गेली माझी.

आता वात कमी करा थोडी. तुमचा चहा केव्हाच गार झाला असेल. तासभर झाला आपल्याला बसून. आणि हा माझा कप बघा, तेव्हापासून हातातच आहे.

वाफ दिसतेय ना अजून?