अपुरा रणगाडा

“त्या खोक्याला हात लावू नका! सांगून ठेवते, हात लावू नका!”

आईचा तो आर्त, चिरका स्वर कल्याणीला जिन्यातच ऐकू आला आणि सातव्या महिन्याचं जड शरीर सावरत, कठड्याला धरून, ती उरलेल्या पायऱ्या कशीबशी चढली. धायरीतल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या घराचं दार सताड उघडं होतं. जेवणाच्या टेबलापाशी तिचे बाबा, रावसाहेब, मान खाली घालून बसले होते, आणि त्यांच्या पुढ्यात... त्यांच्या पुढ्यात शुभंकरचं खोकं होतं.

अकरा वर्षं ते खोकं तिच्या धाकट्या भावाच्या फोटोखालच्या फळीवरून कुणी हलवलं नव्हतं. झाकणावर एकाहत्तरच्या लढाईतला सेंच्युरियन रणगाडा रंगवलेला. आत प्लास्टिकचे दोन-तीनशे सुटे भाग. ते एकेक करून चिकटवायचे, घासायचे, रंगवायचे, की खऱ्या रणगाड्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याएवढा हुबेहूब रणगाडा उभा राहायचा. बाबांनीच तो शुभंकरला अठराव्या वाढदिवसाला आणून दिला होता. बाबांचं सारं आयुष्य खडकीच्या वर्कशॉपमध्ये रणगाड्यांची इंजिनं दुरुस्त करण्यात गेलं होतं, आणि त्या इंजिनांच्या गोष्टी ऐकतच शुभंकर वाढला होता.

आई, दीपमाला, रोज ओल्या फडक्याने ते झाकण पुसायची, पण उघडून कधी बघायची नाही. आत आपल्या लेकराने अर्धामुर्धा जोडलेला रणगाडा आहे, त्यावर त्याच्या बोटांचे ठसे आहेत, एवढ्याच एका समजुतीवर तिचे श्वास चालले होते. कधी दुपारी, घरात सामसूम झाली की ती हातातलं काम टाकून बोट वर करायची. “ऐका... पॉलिश पेपर घासतोय तो. ऐकू येतंय ना?” बाबा उठून गॅलरीत निघून जायचे. कल्याणीही काही बोलायची नाही. कारण... कारण तिलाही ते ऐकू यायचं! बंद खोलीतून येणारी ती बारीक खसखस, आणि तिच्या मागोमाग दरवळणारा डिंकाचा तो उग्र वास...

“या!” तिला दारात पाहताच आई म्हणाली. “तुमचीच काय ती उणीव होती. तूच सांगितलंस ना यांना हे काढायला? माझा मुलगा नेलास, आता त्याचं एवढं उरलंय तेही बघवत नाही तुला?”

अकरा वर्षांत गप्प राहण्याचा कल्याणीला इतका सराव झाला होता, की अशा वेळी शब्द ओठांपर्यंत यायचेच नाहीत.

पण तो रविवार मात्र तिच्या मनात रोज नव्याने उजाडायचा. आई लोणी काळभोरला मावशीच्या घरी लग्नाला गेली होती. तेवीस वर्षांची कल्याणी स्वयंपाकघरात कणीक मळत होती. शुभंकर दुसऱ्यांदा गणितात नापास झाल्याचं बाबांना त्याच सकाळी कळलं, आणि ते त्याच्या खोलीत गेले तेव्हा तो मांडी घालून, जीभ दातांत धरून रणगाड्याचा पट्टा बसवत होता. मग आवाज चढले. चपराकीचा आवाज आला. काहीतरी कडकन मोडलं. आणि बाबांचे ते शब्द... “जा! चालता हो! पुन्हा तोंड दाखवू नकोस मला!” शुभंकर तिच्या समोरूनच गेला. दारात क्षणभर थांबला, तिच्याकडे बघितलं. तिचे हात पिठाने माखले होते. हात धुऊन जाऊ मागे, असं ती मनाशी म्हणाली, आणि तेवढ्यात खाली मोटरसायकल सुरू झाली... बायपासवर एका कंटेनरखाली तो गेला. विसाव्या वर्षी!

संध्याकाळी आई परतली. माणसांनी भरलेल्या घरात तिने एकच प्रश्न विचारला, “कशाला गेला होता तो बाहेर? कुणी पाठवलं माझ्या लेकराला?”

कल्याणीने बाबांकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलत होते, पण त्यांतून आवाज फुटत नव्हता, आणि त्यांच्या डोळ्यांत तिला असं काही दिसलं की ती मुळापासून हादरली. हा माणूस आता बोलेल... आणि उद्या सकाळी हाही आपल्यात नसेल!

“मी,” ती म्हणाली. “मीच पाठवलं, आई. माझं पार्सल आणायला.”

एक वाक्य! तेवढ्या एका वाक्याने ती त्या घरातून जन्मभरासाठी उठली. “तूच खाल्लंस त्याला,” आई म्हणाली होती, आणि त्या दिवसापासून तिने कल्याणीच्या हातचा घास कधी तोंडात घातला नाही. केदारशी तिचं लग्न झालं तेव्हा आईने दुखण्याचं निमित्त केलं. सहा वर्षांत मांजरीला राहणाऱ्या लेकीच्या घराची पायरीही ती चढली नाही. तरीही कल्याणी दर गुरुवारी येत राहिली. बाबांचा रक्तदाब तपासायचा, गोळ्या लावून ठेवायच्या, आणि आईने न बोलता टेबलावर ठेवलेला चहा पिऊन परतायचं. बाबा तिच्याकडे कधी सरळ बघत नसत.

मागच्याच गुरुवारी तिने फार धीर करून विचारलं होतं, “आई, सासूबाई तर नाहीत. बाळंतपणाला... इकडे येऊ का मी?”

आई भाजी निवडतच म्हणाली होती, “ज्या घरातून माझं लेकरू तुझ्यापायी गेलं, त्या घरात तुझं लेकरू रांगणार नाही.”

बाबा तेव्हा दाराआड उभे होते. त्यांनी ते ऐकलं होतं.

“दीपमाला, बस,” बाबा आता म्हणाले. त्यांचा आवाज किती दिवसांनी एवढा स्पष्ट ऐकू आला! “बस इथे. तुला काहीतरी दाखवायचंय.”

“अहो, नका ना! त्याने जसं ठेवलंय तसं...”

“त्याने नाही ठेवलं.”

त्यांनी झाकण उचललं. जुन्या डिंकाचा वास घरभर पसरला, आणि कल्याणीने डोळे गच्च मिटून घेतले. तिला ठाऊक होतं आत काय आहे! त्या संध्याकाळी, माणसं जमायच्या आत, तिनेच ते तुकडे जमिनीवरून गोळा करून आत भरले होते.

आईने वाकून पाहिलं. कितीतरी वेळ तिला समजलंच नाही. तोफेची नळी मधोमध मोडलेली. वरचा बुरूज चेपून फुटलेला. पट्ट्यांचे तुकडे तुकडे झालेले. आणि रणगाड्याच्या चपट्या, हिरव्या पाठीवर चपलेच्या तळव्याची नक्षी अजून दिसत होती, स्पष्ट, धुळीत उमटलेली...

“हे... हे कुणी तुडवलं?” आईचा आवाज अगदी खोल गेला होता.

“मी, आई!” कल्याणी पुढे झाली. “त्या दिवशी माझं आणि त्याचं भांडण...”

“पुरे!” बाबांची मूठ टेबलावर आदळली. “पोरी, पुरे गं! अजून किती खोटं बोलशील माझ्यासाठी?”

आणि मग तो अकरा वर्षांचा बांध फुटला. एकाहत्तर वर्षांचा तो म्हातारा लहान मुलासारखा हुंदके देत बोलत राहिला. चपराक, तुडवलेला रणगाडा, ‘तोंड दाखवू नकोस’ हे शब्द, सारं सारं त्याने आपल्या बायकोपुढे ओतलं. “मी घालवलं त्याला, दीपमाला. मी! हिने कुठे पाठवलं नव्हतं. पार्सल नव्हतं, काही नव्हतं. माझा जीव वाचावा म्हणून बोलली ती. आणि मी... मी बाप असून तिच्या आड लपलो! रोज ठरवायचो, आज सांगीन. आणि रोज तुझ्याकडे बघून गप्प बसायचो.”

खाली रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. आई ते चेपलेलं प्लास्टिक हातात धरून नुसती बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

“आई,” कल्याणी कळवळून म्हणाली, “बाबांना काही बोलू नकोस. माझी शपथ आहे तुला! त्यांनी कमी भोगलेलं नाही.”

“तू का नाही सांगितलंस?” आईने वर न बघताच विचारलं. “मी तुला काय काय बोलले... तुझ्या लग्नाला आले नाही. परवा तुझ्या पोटातल्या बाळालासुद्धा... आणि तू एकदाही ‘नाही’ म्हणाली नाहीस?”

“तुझा मुलगा गेला होता, आई. नवराही गेला असता. मग तुला कोण उरलं असतं?”

आईने मान वर केली. “तू नसतीस का उरली मला?”

अकरा वर्षांत हा विचार कल्याणीच्या मनाला एकदाही शिवला नव्हता! आणि मग तिच्या तोंडून ते निघालं, जे तिने केदारलाही कधी सांगितलं नव्हतं. “मी त्याच्या मागे गेले नाही, आई. हात पिठाचे होते. धुवायला थांबले... म्हणून तू बोलायचीस ते मला खरंच वाटायचं. अजूनही वाटतं!”

ते तुकडे आईने टेबलावर ठेवले आणि ती शुभंकरच्या खोलीत जाऊन बसली. त्या दिवशी तिने दार उघडलं नाही. नंतरचे चार दिवस ती रावसाहेबांपुढे जेवणाचं ताट ठेवत होती, पण बोलत नव्हती. पाचव्या दिवशी सकाळी तिने कापडी पिशवी भरली.

“कुठे निघालीस?” रावसाहेबांनी घाबरून विचारलं.

“तुम्हाला माफ करायला जमेल की नाही, मला ठाऊक नाही,” ती चपला घालत म्हणाली. “इतक्यात तरी विचारू नका. दोन्ही वेळचं करून ठेवलंय, गरम करून घ्या. मी लेकीला आणायला चाललेय.”

मांजरीच्या त्या इमारतीत ती दोन मजले चुकली, तिसऱ्यावर नावाची पाटी सापडली. कल्याणीने दार उघडलं, तर समोर आई उभी होती. आई आत आली. अनोळखी घरात यावं तशी, अंग चोरून, भिंतीवरचे लग्नाचे फोटो बघत. त्यांतल्या एकाही फोटोत ती नव्हती. तिचा हात नकळत लेकीच्या पोटाकडे गेला, आणि मध्येच थांबला. कल्याणीने तो धरला आणि पोटावर टेकवला.

“स्वयंपाकघर कुठंय गं तुझं?” आई म्हणाली. “काहीतरी गरम करून देते. मग निघू आपण. काय खावंसं वाटतंय तुला?”

“काहीही चालेल, आई.”

“काहीही नको.” इतक्या दिवसांचं सगळं पाणी एकदम आईच्या डोळ्यांतून वाहू लागलं. “तुला काय आवडतं ते सांग. मी... मी विसरले गं, कल्याणी. मला आठवतच नाही!”

कल्याणी सांगू लागली. आणि तिची आई, पदराने डोळे पुसत, मान हलवत, एकेक पदार्थाचं नाव ऐकत राहिली.