रिबनला फुंकर चालत नाही

"फुंकू नका!" असं मी ओरडले खरी, पण तोवर त्याने फुंकलं होतं.

स्टुडिओच्या मोठ्या खोलीत माझा माइक स्टँडवर उभा होता. दोन वर्षं खपून केलेला, पहिल्यांदाच डब्यातून बाहेर काढलेला. मी केबल आणायला वळले काय आणि हातात ड्रमच्या काठ्या घेतलेला एक उंच मुलगा कुठून तरी उगवला काय! सरळ माइकजवळ वाकला, सभेतले पुढारी करतात तसं मस्तपैकी "फू... फू..." केलं आणि वर मलाच विचारलं, "चालू आहे ना हा?"

"होता," मी म्हणाले.

तुम्हाला म्हणून सांगते, या माइकच्या पोटात कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ अशी अ‍ॅल्युमिनियमची एक फीत असते. तिलाच रिबन म्हणतात. गाणाऱ्याचा चढा सूर ती सोसते, ड्रमचा ठोका सोसते, पण तोंडाजवळून मारलेली एक फुंकर तिला सोसत नाही. जुन्या काळातल्या माइकची ही खोड आहे, आणि मी जुन्यासारखाच नवा बनवत होते, त्यामुळे खोडीसकट बनवला होता. आतली फीत पार लोंबकळली होती.

"सॉरी... म्हणजे मला वाटलं, सगळे माइक असेच..."

"ड्रम वाजवता ना तुम्ही?"

"कसं ओळखलंत?"

"आधी मारायचं, मग विचारायचं!"

तो हसला. खरं तर त्याने हसायला नको होतं, कारण मला रडू येत होतं. पण हसता हसता त्याचे कान लालभडक झाले आणि मग तो इतका ओशाळला, की माझ्या ओठांवर आलेले पुढचे दोन-चार शब्द मी गिळले.

त्या स्टुडिओच्या मालकीणबाई म्हणजे आमच्या मॅडम. एकेकाळच्या गाणाऱ्या. ज्या माइकवर त्या जन्मभर गायल्या तो त्यांच्याकडे अजून आहे, पण आता तो इतका म्हातारा झालाय की रोज बाहेर काढायला त्यांचा जीव धजत नाही, आणि ड्रमसमोर तर मुळीच नाही. दुरुस्तीला तो आमच्याकडे यायचा. आमच्याकडे म्हणजे मामाच्या दुकानात. तो उघडून, पुसून, पुन्हा जोडता जोडताच मला वाटलं, असाच एक नवा का करू नये? मामा म्हणाला, "कर. पण मॅडमच्या कानाला पटला तरच पुढे. नाही पटला, तर हा नाद सोडायचा आणि गुपचूप माझ्याबरोबर लाउडस्पीकर दुरुस्त करायचे."

मॅडमनी परीक्षा ठेवली होती. म्हाताऱ्यालाही त्या दिवसापुरता ड्रमसमोर आणायचा आणि जुना-नवा, दोन्ही माइक न बघता ऐकायचे. ती परीक्षा या फुंकरीपायी आठवडाभर पुढे गेली.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात हजर. बाहेर पाऊस लागला होता आणि हा पायपुसण्यावर निथळत उभा.

"काही मदत करू?"

"श्वास घेऊ नका."

"किती वेळ?"

"मी सांगेपर्यंत."

मामा आतून खोकल्यासारखं हसला.

नवी फीत बसवायची म्हणजे पंखा बंद, खिडकी बंद, तोंड बंद. अ‍ॅल्युमिनियमच्या वर्खाची पट्टी कापायची, दोन दातेरी चाकांमधून फिरवून तिला चुण्या पाडायच्या आणि मग चिमट्याने उचलून लोहचुंबकांच्या फटीत टांगायची. त्याच्या हातात मी दिवा दिला. एरवी हा मुलगा कसा बडबड्या आहे ते मला पुढे कळलं, पण त्या दिवशी त्याने तोंडाला कुलूप लावलं. काचेवर पाऊस वाजत होता. त्याच्या मनगटाला ओल्या शर्टाचा वास येत होता... आणि चिमट्यातली पट्टी, जी माझ्याकडून कधी चुकत नाही, ती फटीच्या बाजूला टेकली. मी दिव्याला दोष दिला.

"हं, घ्या आता श्वास."

त्याने आधी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि मग केवढा मोठा सुस्कारा सोडला! मला हसू आवरेना.

मग तो रोजच यायला लागला. आत बोलायची बंदी, म्हणून आम्ही जिन्यात बसून चहा प्यायचो. तो मला चिमटाबाई म्हणायचा, मी त्याला वादळ म्हणायचे. 'अहो-जाहो' कधी गळून पडलं कळलंही नाही.

"मॅडमनी मला अजून कायम केलेलं नाही," एकदा तो म्हणाला. "बघू म्हणाल्यात. म्हणून तर त्या दिवशी शहाणपणा करायला गेलो."

"शहाणपणा फारच झाला."

"तुझा माइक पास व्हायलाच पाहिजे, चिमटाबाई. नाहीतर मला रात्री झोप लागायची नाही."

"त्याची काळजी तू नको करूस. तू फक्त दोन्हीवर सारखं वाजव."

"सारखं म्हणजे सारखंच," तो छातीवर हात ठेवून म्हणाला.

परीक्षेचा दिवस उजाडला. मामाने दोन्ही माइकना पातळ मलमलीच्या पिशव्या घातल्या. कुठला कुठला, हे फक्त त्याला आणि मला ठाऊक. एक काढायचा आणि अगदी त्याच जागी दुसरा लावायचा, म्हणजे कुणावर अन्याय नको. मॅडम मोठ्या खोलीबाहेर, मधल्या काचेकडे पाठ करून, डोळे मिटून बसल्या. मी त्यांच्या शेजारी उभी. काचेपलीकडे ड्रममागे तो.

पहिला माइक लागला. त्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि वाजवायला सुरुवात केली.

काय वाजवलं त्याने! नेहमीचाच ठेका, जिन्यात माझ्या गुडघ्यावर बोटांनी वाजवून दाखवलेला, पण त्यात असं काही होतं की खोली एकदम मोठी झाल्यासारखी वाटली. झांजा हलकेच उमलत होत्या. मी कुठे आहे, कशाला आलेय, सगळं विसरून ऐकत राहिले.

दुसरा लागला. तोच ठेका. स्वच्छ, बिनचूक आणि... कोरडा. हा माझा माइक होता. मी दात आवळून, मूठ वळून उभी होते.

मॅडमनी डोळे उघडले. "पहिला," त्या म्हणाल्या. "दुसऱ्यात जीव नाही."

मामाने पिशव्या काढल्या. पहिला, मॅडमचा जुना. मी "बरं" म्हणाले आणि केबल गुंडाळायला लागले. दुसरं काय करणार? डोळ्यांतून पाणी आलंच तर केबलकडे बघता येतं. डोळ्यांपुढे लाउडस्पीकरांची रांग दिसत होती.

तेवढ्यात हेडफोनवर निकाल ऐकून तो दार ढकलून आत आला. चेहरा पांढराफटक.

"मॅडम, हा निकाल खरा नाही. चूक माइकची नाही, माझी आहे. मी... सारखं वाजवलं नाही."

"म्हणजे?"

"पहिला माइक हिचा आहे असं मला वाटलं."

"का वाटलं?"

"हिचा चेहरा बघून. पहिला लागला तेव्हा ही अशी... अशी दिसत होती, की मला वाटलं, स्वतःच्या लेकराकडेच माणूस असं बघतं. आणि दुसऱ्याच्या वेळी कपाळावर या आठ्या!"

"आणि हिचा वाटला, म्हणून काय केलंस?" मॅडमचा आवाज फार शांत होता. त्यांचा आवाज शांत झाला की स्टुडिओतले लोक खोलीबाहेर जातात.

त्याने माझ्याकडे बघितलं. कान पुन्हा लालभडक.

"म्हणून... जीव ओतून वाजवलं. ठरवून नाही. म्हणजे थोडं ठरवून. हिचं काही असलं की माझे हात आपोआपच... मला ही फार आवडते, मॅडम. हिला अजून सांगितलेलं नाही."

"आता सांगितलंस," मामा म्हणाला.

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं वाटलं, आणि त्याच वेळी नाचावंसंही वाटलं. पण त्याहून राग जास्त आला. "लबाडी करून मला जिंकायचंच नव्हतं!" मी म्हणाले. "आणि केलीस ती केलीस, तीही चुकीच्या माइकवर?"

मॅडम हसल्या. इतक्या मोठ्याने हसल्या की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग म्हणाल्या, "काचेवरचा पडदा ओढा. हा हिला दिसायला नको आणि ही ह्याला. पुन्हा वाजव. आणि या वेळी काही ओतू नकोस."

पुन्हा पिशव्या, पुन्हा अदलाबदल. पडद्याआडून ठेके आले, एक आणि मग दुसरा. मॅडमनी दोन्ही परत मागितले. मग स्वतः उठून आत गेल्या, दोन्ही माइकपुढे एकेक ओळ गायल्या आणि बाहेर येऊन आपलाच आवाज ऐकत बसल्या. माझा जीव टांगणीला लागला होता.

"काय सांगू," अखेर त्या म्हणाल्या, "मला सांगता येत नाही."

कुणाला हा निकाल वाटणारही नाही. पण जन्मभर त्या एका माइकपुढे गायलेल्या बाईला त्याच्यात आणि माझ्यात फरक सांगता येत नव्हता! मामाने माझ्या डोक्यावर टपली मारली. तो कधीच कौतुक करत नाही, टपली मारतो.

"गायला मला माझा म्हाताराच हवा," मॅडम म्हणाल्या. "ड्रम्सवर तुझे दोन लागतील. दुसरा कर." मग त्याच्याकडे वळून, "आणि तू. मला लबाड ड्रमर नको होता. पण कुणी विचारलं नसताना पोटातलं खरं सांगणारा चालेल. उद्यापासून वेळेवर ये."

मामा डबे घेऊन रिक्षाने पुढे गेला. "जागा नाही," असं म्हणाला. रिक्षात जागा होती.

आम्ही दोघं बसच्या थांब्यावर उभे राहिलो. नुकतंच ऊन पडलं होतं. तो बुटाच्या टोकाने खडा ढकलत होता.

"रागावलीस?"

"हो."

"माझंही चुकलंच. पण तूही कमाल केलीस हं. जुन्या माइकवर इतकी भाळलीस, की कुणीही फसलं असतं."

"मी माइक ऐकतच नव्हते."

"मग?"

मी रस्त्याकडे बघत राहिले. माइकपुढे कुणी काय बोलायचं, किती अंतरावरून बोलायचं, हे दुकानात येणाऱ्यांना मी दिवसभर शिकवते. आणि आता मीच थांब्याच्या खांबाकडे तोंड करून बोलले.

"तुला ऐकत होते," मी म्हणाले. "तो चेहरा माइकसाठी नव्हता, वेड्या. तुझ्यासाठी होता."

खडा ढकलणारा बूट थांबला. त्याने माझ्याकडे वळून बघितलं. मग हळूच म्हणाला, "पण... मी तर तुझा चेहरा बघून तसं वाजवलं."

"आणि ते ऐकून माझा चेहरा तसा झाला."

"म्हणजे आधी कोण?"

"तू."

"छे! तू. मी काठी उचलायच्या आधीच तू तशी बघत होतीस."

"काहीतरीच! तू आधी बघितलंस, मग मी."

बस आली आणि गेली. आमचं भांडण मिटेना. दुसरीही गेली. तिसरी समोर येऊन थांबली तेव्हा त्याने हरल्यासारखं करून माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "बरं बाई, मी आधी."

"नाही," मी म्हणाले, "मी."