दुसऱ्या खेळाडूची बाजू

मुरुममध्ये आमचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या मोटारी येतात, त्यांची जुनी तार काढायची, नवी भरायची, वार्निश मारून उन्हात ठेवायची. त्यातून वेळ उरला की मी जुनी व्हिडिओ गेमची मशीनं दुरुस्त करतो. हा उद्योग कशासाठी, असं लोक विचारतात. मलाही नीटसं सांगता येत नाही. दिवसभर पाण्याच्या मोटारी बघून जीव विटतो, एवढंच.

पूर्वी एस.टी. स्टँडजवळच्या पार्लरमध्ये ही मशीनं असायची. माणसाएवढं लाकडी कपाट, वर पडदा, खाली दांडा आणि बटणं. आता ती कुठंकुठं अडगळीत पडलीत. मी ती आणतो, आतला जुना बोर्ड काढून शेकडो खेळांचा नवा बोर्ड बसवतो, वजनदार जुन्या पडद्याच्या जागी सपाट पडदा लावतो. भूमच्या एका बंद पडलेल्या पार्लरमधून आणलेलं हे मशीन दोघांनी शेजारी उभं राहून खेळायचं होतं.

ते आणलं अण्णांसाठी. मल्लिनाथअण्णा माझे थोरले भाऊ. दुकान मूळ त्यांचं, धंदाही मला त्यांनीच शिकवला. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात गेला, वाचाही गेली. तेव्हापासून दुकान मी बघतो, त्यांची अंघोळ-दाढी मी करतो, आणि दोन्ही घरांची चूल माझ्या एकट्याच्या हातांवर पेटते. कंटाळा येतो का? मरणाचा येतो. हात कशात तरी गुंतवा, असं डॉक्टर म्हणाले होते. त्यांचा निर्जीव हात दांड्यावर ठेवून खेळ तरी खेळावा, असा माझा विचार.

मागची फळी काढली तर आत उंदराचं घरटं, शेंगांची टरफलं आणि उदबत्तीची राख. ते सगळं नेहमीचंच. एक गोष्ट मात्र खटकली. एकटं पोरगं आलं की ते पहिल्या खेळाडूच्या बाजूला उभं राहतं, म्हणून तीच बाजू आधी झिजते. इथं पहिली बाजू कोरी करकरीत होती आणि दुसरी सगळीच मेलेली. एकही स्विच लागत नव्हता.

अण्णांची खुर्ची दुकानातल्या खांबामुळं दुसऱ्या खेळाडूच्याच बाजूला मावत होती. असले स्विच मुरुमात मिळत नाहीत, सोलापूरहून मागवायचे तर वाट बघत बसा. मग आमच्या धंद्यात सगळेच करतात ते केलं. इकडचं काढून तिकडं लावलं. पहिल्या बाजूचा चांगला स्विच अण्णांच्या बाजूला, आणि तिकडचा मेलेला पहिल्या बाजूच्या भोकात, तारा लोंबकळू नयेत म्हणून.

चहा घेऊन आलेली नागम्मावैनी तेवढ्यात ओरडली. "भावजी, यांचं बोट हललं!"

"वारा लागला असंल, वैनी."

"वाऱ्यानं बोट हलतंय व्हय? तुमी बी काय बोलताव!"

मी वळून बघितलं. अण्णांच्या उजव्या हाताची तर्जनी मांडीवर टकटक करत होती. मी चहा घ्यायला हात पुढं केला आणि कप निसटला. दमलो असेन, म्हटलं.

पुढच्या काही दिवसांत एकेक करून बाकीचे स्विच हलवले. दांड्याचे हलवले तेव्हा अण्णांचं मनगट उचललं गेलं. डॉक्टर म्हणाले, कधीकधी असा फरक पडतो. वैनीनं बसवण्णाला नारळ फोडला. तिला इतक्या आनंदात मी दोन वर्षांत पाहिलं नव्हतं.

माझ्या उजव्या हाताच्या बोटांतून मात्र बारीक तार सुटायला लागली. आधी बारीक, मग जाड. पकड धरायचो आणि पकड खाली पडलेली दिसायची.

मी मीटरवर विश्वास ठेवणारा माणूस आहे. सगळे स्विच पुन्हा तपासले. चांगले ते चांगले, मेलेले ते मेलेले. त्यात काही गूढ नव्हतं. मग एका दुपारी, फक्त खात्री करावी म्हणून, अण्णांच्या बाजूचा एक चांगला स्विच काढून परत पहिल्या बाजूला, म्हणजे मी उभा असायचो त्या माझ्या बाजूला बसवला.

अण्णांच्या हातातला पाण्याचा पेला खाली पडला.

माझ्या तर्जनीत मुंग्या आल्या आणि ती हलली. मी ती डोळ्यांसमोर धरून कितीतरी वेळ नुसती हलवत बसलो.

अण्णा बघत होते. आधी पेल्याकडं, मग माझ्या बोटाकडं, मग उघड्या मशीनकडं. मला त्यांचा राग आला. ती सेवा, ती दाढी, ती दोन घरं, सगळ्याचाच राग आला. रागातच मी तो स्विच काढला आणि पुन्हा त्यांच्या बाजूला लावला. दुसरं काय करणार होतो? मला त्यांनी लेकरासारखं वाढवलेलं.

त्यानंतर मी मशीनला हात लावला नाही. त्यात आता फक्त आवाजाचं राहिलं होतं. दोन बाजूंना दोन स्पीकर, अण्णांच्या बाजूचा फाटलेला. राहू दे फाटका, असं ठरवलं.

अण्णा पुन्हा मोटारी भरायला लागले. मी डाव्या हातानं सामान आणून द्यायचो. त्यांची बोटं तारेवरून फिरताना बघून बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू.

परवा दुपारी एका गिऱ्हाइकाची मोटार टेम्पोत चढवून घ्यायला बाहेर गेलो होतो. आतून खेळाचं संगीत वाजायला लागलं. मोठ्यानं, स्वच्छ.

मग हाक आली.

"सिद्धाराम!"

दोन वर्षांनी तो आवाज ऐकला. मी धावत आत गेलो.

मशीनची मागची फळी निघाली होती. अण्णा तिच्याजवळ उभे होते, उजव्या हातात स्क्रू ड्रायव्हर.

"ह्या बाजूचा स्पीकर फाटका हुता," ते म्हणाले. एकही शब्द अडखळला नाही. "चांगला हिकडं घेतला. फाटका तुज्या बाजूला लावलाय, भोक उगं उघडं दिसाया नको."

वैनी रडत होती, हसत होती. "ऐकलंव न्हवं भावजी? बोलले की! तुमी बी काय तरी बोला!"

मी तोंड उघडलं.

वैनीनं पुढं होऊन पदराच्या टोकानं माझ्या ओठाच्या कडेची लाळ पुसली. अण्णांकडं बघत, त्यांच्याशी बोलता बोलता, सवयीनं.