भुवईवरचा डाग

बसा रे दोघं. लाइट आल्याशिवाय माझं कटर चालणार नाही आणि कटर चालल्याशिवाय तुमच्या फ्रेमा होणार नाहीत. मेणबत्ती जरा इकडे सरकव. आणि तिथे भिंतीला कापडात गुंडाळलेली एक फ्रेम टेकवली आहे, तिला पाय लागू देऊ नकोस.

लग्नाचे फोटो करता ना तुम्ही? माझा पुतण्या सांगत होता, हल्ली एका बटणात अख्ख्या वऱ्हाडाचे चेहरे गुळगुळीत होतात. होत असतील. माझ्याकडे फ्रेमला येतात तेव्हा आजोबा आणि नातू एकाच वयाचे दिसतात. हसा, हसा. मग एक गोष्ट सांगतो. घडलेली आहे. ज्याच्यावर बेतली तो माझा मित्र, आणि त्या फोटोची काच मी माझ्या हातांनी बसवली आहे, म्हणून सांगतो.

त्याला आम्ही खोडरबर म्हणायचो. समोर आता औषधांचं दुकान आहे ना, तिथे वरच्या मजल्यावर स्टुडिओ होता, तिथे तो एडिटिंग करायचा. पुसण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. मुरुमं, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, मागे जांभई देणारा मामा, खुर्चीखालची चप्पल... असं पुसायचा की तिथे कधी काही होतं हे सांगूनही पटू नये. कोणी सांगायची वाट बघायचा नाही. लोकांना आवडतंच, मग विचारायचं कशाला? आणखी एक सवय होती, ती तुम्हालाही असणार. अल्बमच्या पानावर नवरी बाहेरच्या बाजूला बघत असली की फोटो सरळ उलटा करायचा, आरशात दिसतो तसा. मग एका पानावरून नवरा आणि दुसऱ्यावरून नवरी, दोघं एकमेकांकडे बघतायत असं दिसतं. कोणाच्या लक्षातही येत नाही.

असाच एका मुलीच्या लग्नाचा अल्बम त्याने केला, दिला आणि विसरला.

वर्ष झालं नसेल, तिची आई स्टुडिओत आली. मी तेव्हा तिथेच चहा पीत बसलो होतो. मुलगी गेली होती. साधा ताप म्हणता म्हणता आठवड्यात गेली. बाई रडत नव्हती. तिने टेबलावर अल्बम उघडला, बोट ठेवलं आणि म्हणाली, "दादा, हिच्या भुवईवर डाग होता. तो कुठे गेला?"

खोडरबर म्हणाला, "काढला ना काकू. सगळ्याच फोटोंतून काढलाय." कौतुक होईल असंच त्याला वाटलं असणार.

बाईने अल्बमवरचं बोट उचललं नाही. मग सांगायला लागली. मुलगी लहान असताना पळत आली आणि नेमकं तेव्हाच आईने कपाटाचं दार उघडलं. डाव्या भुवईच्या वर लागलं. जखम भरली, डाग राहिला. पुढे शाळेत पोरं चिडवायला लागली, तेव्हापासून मुलगी केस कपाळावर ओढून घ्यायची. मोबाइलमधल्या फोटोंत तर तिनेच तो घालवलेला. फक्त झोपताना ती केस मागे सारायची आणि आई त्या डागावर बोट ठेवून तिला थोपटायची. मोठी झाली तरी.

"नवरा चांगला मिळाला तिला," बाई म्हणाली. "लग्नाच्या दिवशी तिने सगळे केस मागे बांधले. मेकअपवालीला म्हणाली, आज झाकू नका. जन्मात पहिल्यांदा ती तशी फोटोला उभी राहिली, दादा. मग अल्बम आला. तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितला आणि मिटून ठेवला. दुसऱ्या दिवशी केस परत कपाळावर."

मी चहाचा कप तसाच खाली ठेवला. खोडरबर पार ओशाळला होता.

"मला एक फोटो हवाय," बाई म्हणाली. "तिचा. भिंतीवर लावायला. डाग असलेला."

आता तुम्ही म्हणाल, मूळ फोटो काढून द्यायचा. कुठून देणार? कॅमेऱ्यातलं कार्ड पुढच्या लग्नासाठी रिकामं केलेलं, आणि हार्ड डिस्क पावसाळ्यात उडालेली. उरला होता तो फक्त अल्बमचा माल, धुतलेला, पुसलेला. मग खोडरबरने डाग रंगवायला घेतला. जन्मभर पुसणारा माणूस, पहिल्यांदाच डाग उमटवत होता. बाईला विचारून विचारून केला, डाव्या भुवईच्या वर, तांदळाएवढा. बाई बघायला आली. बराच वेळ बघून म्हणाली, "डाग आहे. पण ही ती नाही."

पुन्हा केला. पुन्हा तेच. मी मध्ये पडलो, म्हटलं काकू, आणखी कसा करायचा? ती म्हणाली, "मला सांगता येत नाही हो. माझी मुलगी म्हणून बघते आणि कोणीतरी दुसरीच बघते माझ्याकडे." आणि तेव्हा पहिल्यांदा रडली. घरी जाऊन डोळे मिटले तरी आता हाच चेहरा येतो, खरा येत नाही, म्हणाली. त्या बाईची मुलगी दुसऱ्यांदा जात होती रे. आणि ती आमच्या हातून जात होती.

या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. फेब्रुवारीतल्या शेवटच्या शनिवारची रात्र. अमावस्या वगैरे काही नव्हती, चांगलं चांदणं पडलं होतं. मीच खोडरबरला म्हटलं होतं, उद्या सकाळी काहीही करून प्रिंट दे, फ्रेम करून तिच्या घरी पोचवतो. तो जेवून परत स्टुडिओत गेला. बायकोला सांगून गेला, तासाभरात येतो. पुढचं त्याने मला सांगितलं तसं सांगतो.

खाली शटर ओढलेलं. वर तो एकटा. खोलीत फक्त स्क्रीनचा उजेड. मागे एक फिरती खुर्ची, गिऱ्हाइकाने बसून फोटो निवडायची. फोटो मोठा करून तो भुवईपाशी आला. डाग रंगवला. पुसला. रंगवला. पुसला. शेवटी कंटाळून त्याने फोटो बंद केला. स्क्रीन काळी झाली.

मागची खुर्ची वाजली.

कोणी बसलं की वाजते, तशी.

काळ्या काचेत त्याला स्वतःचा चेहरा दिसत होता. त्याच्या खांद्यामागे... आणखी एक.

मान खाली. केस कपाळावर.

त्याने वळून बघितलं नाही. वळता आलंच नाही, म्हणाला. किती वेळ गेला कोण जाणे. मग तो कसाबसा बोलला, "ताई... मला वाटलं, बरं दिसेल."

काही नाही.

"मला विचारायला हवं होतं... चुकलं माझं."

काही नाही...

"तुमच्या आईसाठी करतोय. जमत नाहीये मला."

तेव्हा काचेतला हात वर आला. हळू. त्या हाताने कपाळावरचे केस बाजूला केले. आणि तसेच धरून ठेवले.

डाग दिसला. पण खोडरबर रंगवत होता त्या बाजूला नव्हता. दुसऱ्या बाजूला होता. काचेतच बघतोय, उलटं दिसणारच, असं आधी त्याला वाटलं. मग त्याने फोटो उघडला, कोपऱ्यात लहान करून ठेवला, आणि काचेतली ती आणि फोटोतली ती शेजारी शेजारी बघितली. तोच भांग. ओठाचा तोच कोपरा जरा वर. अगदी एकसारख्या. म्हणजे काचेतली उलटी असेल, तर फोटोतलीही उलटीच. तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. पानावर ती नवऱ्याकडे बघताना दिसावी म्हणून त्यानेच तिला उलटी केली होती आणि विसरून गेला होता. मुलगी स्वतःला रोज आरशात तशीच बघत असेल. आईने तिला आरशात कशाला बघायचं? आईने तिला जन्मभर समोरून बघितलं होतं.

त्याने फोटो सुलटा केला. मग तिच्या डाव्या भुवईच्या वर, काचेत बघत बघत, डाग रंगवला. तांदळासारखा नव्हता तो, थोडा वाकडा होता, आणि त्याच्याखाली भुवईचे दोन-तीन केस नव्हते. हे कोणी सांगितलं नव्हतं. आई सांगायची विसरली असेल. तो रंगवत होता तेवढा सगळा वेळ तो हात हलला नाही.

"झालं, ताई."

काचेत केस सुटले.

मग काच... नुसती काच. मागची खुर्ची हळूहळू फिरत होती. ती थांबेपर्यंत तो तसाच बसून राहिला. घाबरून नाही, म्हणाला. रडत होतो.

सकाळी प्रिंट आली. काच मी आत-बाहेरून पुसली, फोटो बसवला, मागून टेप मी लावली. आम्ही दोघं घेऊन गेलो. बाईने फ्रेम मांडीवर घेतली. काचेवरून भुवईवर बोट ठेवलं आणि थोपटायला लागली. खोडरबर दारातच चपलांपाशी उभा राहिला, आत आलाच नाही. पुढे त्याने ते काम सोडलं. आता शाळेच्या मुलांचे ओळखपत्राचे फोटो काढतो आणि कोणाचा तीळसुद्धा पुसत नाही.

ती फ्रेम? तीच ती, भिंतीला टेकवलेली. लाकडाला वाळवी लागली म्हणून परवा बाई देऊन गेली. सोड ते कापड. मेणबत्ती जवळ धर. दिसली? भुवईपाशी काचेवर बोटाचा ठसा आहे बघ. आईचाच असणार, रोज बोट ठेवते. रुमाल आहे ना तुझ्याकडे? पूस. पूस की, घाबरतोस काय.

जातोय का ठसा?

मीही असाच घासत बसलो होतो. बाहेरचा आईचा ठसा गेला. हा राहिला, त्याच जागी, जरा लहान. मग मी टेप सोडवली, काच काढली आणि आतून पुसली तेव्हा गेला. परत बंद करून ठेवली. सकाळी बघतो तर होता तसाच.

बाईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "लाकूड बदला, दादा. काच तीच राहू दे. आणि आता तिचं काही पुसू नका."