अंदाजाची अकरा सेकंदं

नरहरबुवा मोडकांच्या गळ्याला पट्टा बांधून सुनीतीने विचारलं, "काका, घट्ट होतोय का?"

बुवांचे ओठ हलले आणि टेबलावरच्या यंत्रातून आवाज आला, "नाही गं. पण टाय बांधल्यासारखं वाटतंय. टायवाला कीर्तनकार पाहिलायस कधी?"

आवाज बुवांचाच होता, साठीतला, भरदार. तीन वर्षांपूर्वी गाठीच्या ऑपरेशनात त्यांचा कंठ गेला. शब्द जुळवताना मानेचे स्नायू मात्र अजून हलत. ती हालचाल हा कंठपट्टा टिपायचा आणि संगणक तिच्यावरून बुवांचा आवाज घडवायचा. तो आवाज घडवायला सुनीतीने संगणकाला काकांच्या चारशे कीर्तनांच्या ध्वनिफिती ऐकवल्या होत्या. बाहेरच्या सर्व्हरकडे हालचाल पाठवून आवाज परत येईपर्यंत ताल चुकत असे. म्हणून सगळं काम जवळच्या डेस्कटॉपवरच व्हायला हवं होतं, आणि त्यासाठी प्रोसेसर त्याच्या नेमून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवावा लागे. असा ओव्हरक्लॉक केलेला प्रोसेसर तापतो. वेळेत गार झाला नाही, तर जळू नये म्हणून आपणहून मंदावतो.

कोल्हापुरातल्या तिच्या संगणकांच्या दुकानात काउंटरवर दोन कूलर मांडले होते. पाण्याचा कूलर तिने आधीच बाद केला होता; जीपमधून हिंदकळत नेताना पाणी गळलं तर सगळंच संपलं.

"हा थोरला," ती म्हणाली. "पत्र्याच्या पातळ पात्यांचे दोन मनोरे, दोन पंखे. उष्णता भरपूर ओढतो, पण पिठाच्या गिरणीसारखा घोंगावतो. आणि हा एकपंखी. चालू आहे की बंद, तेही कळत नाही."

"थोरला घे की. झांजांपुढे त्याचं काय ऐकू येणार?"

"काका, करुण प्रसंगात घुंऽऽ करत बसला तर लोक मला हसतील. इथे तीन तास चालवून पाहिलाय धाकटा. प्रोसेसर ऐंशी अंशांच्या वर गेला नाही."

दुकानात एसी चालू होता. हवेवर गार होणारी वस्तू भोवतालच्या हवेपेक्षा कधीच गार होऊ शकत नाही, हे सुनीती रोज गिऱ्हाइकांना समजावून सांगायची. त्या दिवशी स्वतःला सांगायचं राहिलं.

बुवा मग म्हणाले, "तुला ठाऊक आहे ना, यंदा कुरुंदवाडच्या उत्सवात सुदाम्याचंच आख्यान का लावतोय?"

तिला ठाऊक होतं. श्रीपती गुरवांनी बुवांच्या मागे तीस वर्षं पेटी वाजवली होती. सुदामा पोह्यांची पुरचुंडी घेऊन निघाला, की बुवा मागे वळून म्हणायचे, "बरं झालं, ही आमच्या श्रीपाकडे नाही दिली! द्वारकेपर्यंत नुसतं फडकंच पोचलं असतं!" मंडप हसायचा, श्रीपतीही हसायचे. अकरा वर्षांपूर्वी एका उत्सवात ते हसले नाहीत. पेटीचा भाता बंद केला आणि उठून गेले. बुवांना मागाहून कळलं, की ते प्रसाद खरोखरच फडक्यात बांधून न्यायचे, अंथरुणाला खिळलेल्या बायकोसाठी. घरात चूल पेटलेली नसायची.

"एकदा घरी जाऊन बोला ना," सुनीती म्हणाली.

"चारचौघांत बोललो, चारचौघांतच मागं घेणार. त्याच जागी, त्याच पुरचुंडीपाशी. त्याच्या पोरीने कबूल केलंय, घेऊन येते म्हणून."

जाण्यापूर्वी सुनीतीने यंत्रात एक सोय चालू केली. तिचं नाव तिने 'अंदाज' ठेवलं होतं. प्रोसेसर मंदावून आवाज तुटायला लागला, तर जुन्या कीर्तनांवरून पुढचे शब्द ओळखून यंत्र ते म्हणून टाकणार. ही सोय बंद असती, तर यंत्र मुकं झालं असतं. भर मंडपात आपलं यंत्र मुकं व्हावं, हे तिला नको होतं. काकांना तिने हे सांगितलं नाही.

कुरुंदवाडला पोचले तेव्हा वैशाखातली दुपार पत्र्याच्या मंडपावर तापत होती. श्रीपती गुरव मुलीचा हात धरून आले आणि खांबापाशी बसले. बुवांनी दुरूनच हात जोडले. श्रीपतींनी नुसती मान हलवली.

पूर्वरंग असा काही रंगला, की म्हाताऱ्या बायका पदराने डोळे पुसायला लागल्या. मध्यंतरात रिवाजाप्रमाणे बुवांना हार घातला, साथीदारांना बुक्का लावला. व्यवस्थापक बापू इंगळे भाविक माणूस. ते म्हणाले, "यंत्रही साथीलाच बसलंय की! त्याचा मान कसा चुकवायचा?" आणि त्यांनी संगणकाच्या पेटाऱ्याला शाल गुंडाळून वर झेंडूचा भरघोस हार घातला. टाळ्या पडल्या. वारा आत घेणारी जाळी शालीखाली गेलेली सुनीतीला दिसली. पण कौतुक तिच्या यंत्राचं चाललं होतं. तिने मोबाइल काढून फोटो घेतला. शाल काढू थोड्या वेळाने, असं मनाशी म्हणाली आणि विसरली.

उत्तररंगात सुदाम्याच्या बायकोने पोहे बांधून दिले. बुवा थांबले. मागे वळायच्या ऐवजी खांबाकडे वळले. डोळे भरून आले होते. हात जोडून त्यांनी ओठ उघडले.

यंत्र क्षणभर अडखळलं, आणि मग तोच भरदार, खट्याळ आवाज मंडपभर घुमला: "बरं झालं, ही आमच्या श्रीपाकडे नाही दिली! द्वारकेपर्यंत नुसतं फडकंच पोचलं असतं!"

मंडप खदखदून हसला. बुवा जोरजोराने मान हलवत होते, ओठ काही वेगळंच बोलत होते. लोकांना तो अभिनय वाटला. कुणीतरी ओरडलं, "वा बुवा! जुना बाज परत आला!" श्रीपती मुलीच्या खांद्यावर हात ठेवून उठले आणि बाहेर पडले.

सुनीतीने पडद्यावर पाहिलं. तापमान सत्त्याण्णव. 'अंदाज' चालू: अकरा सेकंद. तिने शाल ओढून काढली, तेव्हा हाताला चटका बसला. बुवांनी गळ्यातला पट्टा स्वतःच सोडला, पेटीवर ठेवला आणि कीर्तन अर्धवट टाकून पायऱ्या उतरले.

गुरवांच्या ओसरीशी तिने काकांना गाठलं. श्रीपती भिंतीला टेकून बसले होते.

"श्रीपतीमामा, ते काका नाही बोलले," ती धापा टाकत म्हणाली. "यंत्र बोललं. चूक माझी आहे. कूलर लहान घेतला, वर शाल होती, दिसत असून काढली नाही. तापलं की ते अंदाजाने बोलतं. ती सोय मीच चालू केली होती, काकांना माहीतही नव्हतं."

श्रीपतींनी तिच्याकडे शांतपणे पाहिलं. "यंत्र बोललं म्हणतेस. पण पोरी, त्याला ते सुचलं कुठून?"

 या प्रश्नापुढे सुनीतीचा कूलर, शाल, सत्त्याण्णव अंश, काहीच उभं राहत नव्हतं. 

मग बुवा पुढे झाले. खालच्या पायरीवर, श्रीपतींच्या पायांपाशी बसले आणि बोलू लागले. आवाज नव्हता, नुसता श्वास आणि ओठ. श्रीपती नकळत पुढे वाकले. तीस वर्षं त्यांनी याच ओठांकडे पाहून बुवांच्या पुढच्या सुराचा अंदाज बांधला होता आणि तो कधी चुकला नव्हता.

पण माफीचं हे वाक्य तर बुवांनी आयुष्यात एकदाही उच्चारलं नव्हतं. ते श्रीपतींनी ओळखायचं तरी कशावरून?