आजीच्या सायकलची घंटी

"ज्या भट्टीत ना कोळसा ना विस्तव, तिच्यात लोखंड वितळतं कसं? सांग बघू!"

आजोबांनी हे कोडं घातलं होतं केतकीचा रुसवा काढायला. पण केतकी बधेल तर शपथ! ओढ्यावर शाळेसाठी नवा पूल होणार होता. त्याच्या पोलादासाठी प्रत्येक घराने एक जुनी लोखंडी वस्तू द्यायची ठरली होती, आणि आजोबांनी काढली ती नेमकी आजीची सायकल. आजी गेल्यापासून ती पडवीत गंजून पार खिळखिळी झाली होती. तरीही ती वितळवायची म्हणजे आजी पुन्हा एकदा जाणार, असंच केतकीला वाटत होतं.

आजोबांनी उमेदीची सगळी वर्षं पोलाद कारखान्यातल्या याच भट्टीवर काढली होती. आता भट्टी सूर्याच्या विजेवर चालायची आणि भंगार निवडायला 'चिमटा' नावाचा यंत्रमानव होता. आजोबांनीच त्याला शिकवून तयार केलं होतं. सायकल त्याच्या रांगेत लावून दोघं जाड काचेमागे उभे राहिले.

"झाकणातून खाली येतायत ना, ते तीन काळे इलेक्ट्रोड (वीज वाहून नेणारे दांडे). तुझ्या पेन्सिलीत असतं तेच ग्रॅफाइट, फक्त तुझ्या मिठीत मावणार नाही एवढं जाड," आजोबा म्हणाले.

"मग?" केतकीला विचारायचं नव्हतं, पण तोंडातून निघून गेलं.

"दांडे आणि भंगार यांच्यात थोडी फट राहते. वीज ती फट हवेतूनच ओलांडते. दिव्याचं बटण दाबताना कधी बारीक ठिणगी उडते ना? तीच प्रचंड मोठी करायची आणि विझू द्यायची नाही. ही विद्युत प्रज्योत (हवेतून सतत वाहणारी वीज). लोखंड वितळायला साधारण दीड हजार अंश लागतात. प्रज्योतीत त्याच्या दुपटीहून जास्त!"

तेवढ्यात असा कडकडाट झाला की काचेमागेही केतकीने कान झाकले. आजोबांनी मात्र डोळे मिटले.

"आम्ही सगळं कानांनी ओळखायचो गं. भंगार वितळेपर्यंत भट्टी अशीच आदळआपट करते. मग आपण टाकलेला चुना आतला नको तो गाळ धरून वर येतो, ती मळी. मळीचा फेस चढला, की भट्टी नुसती गुणगुणते. त्याच सुमाराला तुझी आजी शाळेतलं शिकवणं आटपून डबा घेऊन यायची. फाटकापाशी घंटी वाजली की..."

एवढ्यात चिमटा ओरडला, "थांबा! या सायकलवर पितळी घंटी आहे. पितळेत तांबं असतं. आजोबा, तुम्हीच शिकवलंत की हे चालत नाही!"

एका तांब्याच्या तारेसाठी भंगारवाल्यांना फैलावर घेणारे आजोबा चक्क ओशाळले.

"काढणार होतो गं. पाना हातात घेतला, आणि हातच चालेना."

केतकीचा राग कुठल्या कुठे पळाला. आजोबांच्याही जिवावर आलं होतं तर!

"पण तांबं मळीबरोबर का नाही निघून जात?" तिने हळूच विचारलं.

"भट्टीत ऑक्सिजन सोडला की बराचसा नको तो माल त्याच्याशी जोडला जातो आणि मळीत जातो. तांबं मात्र याबाबतीत लोखंडापेक्षाही आळशी. ते आतच बसून राहतं, आणि पुढे तापलेलं पोलाद लाटताना त्याला चिरा पाडतं. बाकी लोखंडाचं काय, कितीही वेळा वितळव, ते म्हातारं होत नाही. आम्ही होतो तेवढे!"

केतकीने चिमट्याकडून पाना मागून घेतला, स्वतः घंटी सोडवली आणि सायकलवरून एकदा हात फिरवला.

"घे आता," ती चिमट्याला म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

पूल उभा राहिला त्या दिवशी आजोबा त्याच्या टोकाशी कठड्याला टेकून बसले होते. या पोलादात आजीची सायकल नेमकी कुठे आहे, हे आता कुणीच सांगू शकलं नसतं. कधीतरी हाच पूल जुना होऊन भट्टीत जाईल आणि त्याचं आणखी काही होईल. केतकी आपल्या नव्या सायकलवरून, हाच विचार करत, पुलावर आली आणि तिने पितळी घंटी वाजवली.

आजोबा दचकून उठले, फाटकाकडे जावं तसे दोन पावलं पुढे आले आणि मग हसले.

"डबा आणलास का गं?"